परीकथांची नवी रूपे (लेखांक ६) : केसांची शिडी आणि वेण्यांचा चाबूक

परीकथेचे विडंबन आणि तिचे पुनर्कथन यांतील फरक मागील लेखांकात पाहिला. विडंबन मूळ कथेची थट्टा करून थांबते, तर पुनर्कथन तिच्यातील घटकांची नव्याने जुळणी करून स्वतंत्र कथा उभी करते. या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे शॅनन हेल आणि त्यांचे पती डीन हेल यांनी लिहिलेली आणि नेथन हेल यांनी चितारलेली, २००८ साली प्रसिद्ध झालेली ‘रपुन्झेल्स रिव्हेंज’ ही ग्राफिक कादंबरी. आडनाव एकच असले तरी चित्रकाराचे लेखकद्वयाशी नाते नाही. ग्राफिक कादंबरी म्हणजे चित्रचौकटींच्या क्रमातून, संवादाच्या फुग्यांतून आणि चौकटीच्या कडेला येणाऱ्या निवेदनाच्या पट्ट्यांतून सांगितलेली पुस्तकभर लांबीची सलग कथा.

ग्रिम बंधूंनी १८१२ साली आपल्या संग्रहात घेतलेली रपुन्झेलची कथा त्याआधीच बराच प्रवास करून आली होती. इटलीतील बाझिले यांच्या १६३४ साली छापल्या गेलेल्या कथेत आणि फ्रान्समधील मादमोआझेल द ला फोर्स यांच्या १६९८च्या कथेत तिचे पूर्वावतार सापडतात. गर्भवतीला लागलेले पाल्याचे डोहाळे, त्यापायी चेटकिणीच्या बागेत झालेली चोरी आणि तिची भरपाई म्हणून द्यावे लागलेले मूल हा सांगाडा या परंपरेत टिकून राहिला. ग्रिम यांच्या कथेत रपुन्झेलचे केस इतरांना वर चढण्यासाठी असतात. त्यांना धरून चेटकीण चढते, राजपुत्र चढतो, आणि केसांची मालकीण मात्र मनोऱ्यातच राहते.

हेल दांपत्याने नेमके हेच सूत्र पकडले. अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेसारख्या, खाणींच्या आणि ओसाड माळरानांच्या कल्पित मुलखात त्यांची रपुन्झेल मदर गॉथेल या चेटकिणीच्या वाड्यात वाढते. बाराव्या वाढदिवशी कुंपणाची भिंत ओलांडल्यावर आपली खरी आई खाणीत राबते आहे हे तिला कळते, आणि त्याची शिक्षा म्हणून तिला एका प्रचंड झाडाच्या पोकळीत कोंडले जाते. गॉथेलपाशी वनस्पती वाढवण्याची जादू आहे. ज्याने तिचे ऐकले नाही त्याची जमीन ती नापीक करते, म्हणजे पिकांवरचा ताबा हाच तिच्या राजवटीचा पाया आहे. मूळ कथेतील बाग येथे अशी राजकीय सत्तेचे साधन होते आणि रपुन्झेलच्या केसांच्या अफाट वाढीलाही त्याच जादूतून कारण मिळते. ती जादू बंदिवानाच्याच हाती शस्त्र देते, ही कथेतील पहिली मोठी गंमत. रपुन्झेल कोणाची वाट न पाहता स्वतःच निसटते, आणि पुढे तिच्या दोन लांब वेण्या कधी चाबूक तर कधी फेकदोरीचा फास होतात.

येथील विनोद दोन पातळ्यांवर चालतो. पहिली पातळी कथांच्या सरमिसळीची आहे. रपुन्झेलला वाटेत भेटणारा सोबती राजपुत्र नसून घेवड्याच्या वेलाच्या कथेतला जॅक आहे, आणि हा भुरटा पोरगा काखेत हंसीण घेऊन सोन्याच्या अंड्याची आशा बाळगत हिंडतो. दुसरी पातळी माध्यमाची आहे. कथा रपुन्झेल स्वतः सांगते; त्यामुळे पट्टीतील शब्द तिचे असतात, पण चित्र कोणाचीच भीड बाळगत नाही. गद्यात निवेदकाचे म्हणणे आणि घडलेली गोष्ट एकामागून एक वाचावी लागतात, तर चौकटीत ती शेजारी उभी असतात, आणि त्यांच्यातील तफावत वाचकाला कोणी सांगण्याआधीच दिसते.

मूळ कथेशी परिचय असलेल्या वाचकालाच या विनोदाची पुरी गोडी लागते, कारण कोणत्या जागी राजपुत्र यायला हवा होता हे त्याला ठाऊक असते. अशा पुनर्कथनामुळे मूळ कथा मोडीत निघते हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. उलट ती आठवल्यावाचून नव्या कथेचे पानही नीट उलगडत नाही. २०१० साली आलेल्या ‘कॅलॅमिटी जॅक’ या पुढील पुस्तकात मध्यवर्ती भूमिका जॅककडे जाते आणि पार्श्वभूमी शहराची होते. राक्षसाच्या घरी चोरी करणाऱ्या मुलाला परीकथा नायक का मानते, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या आधारे पुढील लेखांकात तपासता येईल.