बद्धकोष्ठता

बद्धकोष्ठता : (मलावरोध). मलाचे उत्सर्जन क्वचित, कष्टाने किंवा अपुरे होणे या स्थितीला बद्धकोष्ठता म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. निरोगी व्यक्तींत मलोत्सर्जन दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत होऊ शकते. तेव्हा रोज शौचास न होणे म्हणजे बद्धकोष्ठता नव्हे. मल कठीण असणे, कुंथावे लागणे व पोट साफ न झाल्याची भावना राहणे या तक्रारी अधिक महत्त्वाच्या होत.

लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात दररोज सु. १ ते १·५ लिटर द्रव येतो व त्यातील बहुतेक पाणी तेथे शोषले जाते. मल गुदांत्रात (मोठ्या आतड्याच्या अखेरच्या भागात) उतरला म्हणजे त्याची भित्ती ताणली जाऊन शौचाची भावना होते. ती दाबून धरल्यास काही वेळाने नाहीशी होते. मल तेथेच पडून राहतो आणि त्यातील पाणी कमी होत जाऊन तो अधिकच कठीण बनतो. वारंवार असे घडल्यास गुदांत्राची संवेदनक्षमता मंदावते. सकाळची घाई, प्रवास आणि शाळेत वा कामाच्या जागी स्वच्छ शौचकूप नसणे ही यामागील नित्याची कारणे असून स्त्रिया व मुले यांना त्यांचा विशेष उपद्रव होतो. औषधांच्या चर्चेत या साध्या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते.

चोथा कमी असलेला आहार, अपुरे पाणी, बैठे जीवन, गर्भारपण व वार्धक्य ही इतर सामान्य कारणे होत. लोह, कोडीन, ॲल्युमिनियमयुक्त अम्लनाशके यांसारखी औषधे तसेच अवटुन्यूनता, मधुमेह व कंपवात हे विकारही कारणीभूत असतात.

साचलेल्या मलातील विषे रक्तात भिनतात, ही समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकातही प्रबळ होती. लंडनचे शस्त्रक्रियाविशारद विल्यम आर्बथनॉट लेन (१८५६–१९४३) यांनी तिच्या आधारे कित्येक रुग्णांची मोठी आतडी काढून टाकली. ही उपपत्ती पुढे त्याज्य ठरली, तरी पोट ‘धुऊन काढण्याची’ हौस टिकून आहे. एरंडेल किंवा सोनामुखीच्या जोरदार मात्रेने आतडे जवळजवळ रिकामे होते. ते पुन्हा भरेपर्यंत एक-दोन दिवस शौचास न होणे स्वाभाविक असते. परंतु त्यालाच बद्धकोष्ठता समजून पुन्हा रेचक घेतले जाते आणि सवय जडते.

प्रतिबंधासाठी प्रौढाच्या आहारात दररोज सु. २५ ते ३० ग्रॅ. चोथा असावा. न चाळलेल्या पिठाची भाकरी वा पोळी, सालीसकट डाळी, उसळी, पालेभाज्या, पेरू यांतून तो मिळतो. त्याचे प्रमाण हळूहळू वाढवावे, अन्यथा पोट फुगते. इसबगोलाचा भुसा भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. अन्न पोटात गेल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून न्याहारीनंतर काही मिनिटे शौचासाठी राखून ठेवावीत. उकिडवे बसल्याने गुदमार्ग सरळ होतो. कमोडावर बसणाऱ्यांनी पायाखाली पाट घ्यावा.

उतारवयात शौचाची सवय एकाएकी बदलणे, मलातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा रक्तक्षय आढळणे ही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची चिन्हे असू शकतात. त्यांची तपासणी लांबवू नये. पोटात तीव्र वेदना व वांत्या होऊन वायूही सरत नसल्यास आंत्ररोधाची शक्यता असते व अशा वेळी रेचक देणे घातक ठरते.