दाट वाफा, हलका माल

आमचा धंदा कापडाचा. सोलापुरात चादरी आणि टॉवेल घेण्या-विकण्यात आमची तीस वर्षे गेली. मातीशी आमचा संबंध म्हणाल तर घरामागच्या परसात दोन-चार वाफे आणि गच्चीवर थोड्या कुंड्या, एवढाच. तरीही या वेळी तिजारतीच्या पानावर आम्ही झाडांच्या गर्दीविषयी लिहीत आहोत, त्याला कारण आहे. कारखाना बंद पडला की आपले अनेक कारागीर बंधू कमी भांडवलाचा धंदा शोधतात. भाजीपाल्याची व फुलझाडांची रोपे तयार करून विकणे हा त्यातलाच एक. आमच्या भाच्याने तो केला, आणि पहिल्याच हंगामात त्याचे जे नुकसान झाले ते भावामुळे नव्हे, पावसामुळे नव्हे, तर गर्दीमुळे झाले.

भाचा मागावर काम करीत होता. काम सुटल्यावर त्याने शहराबाहेर थोडी जागा भाड्याने घेतली. पैसे काही त्याचे होते, काही आम्ही हातउसने दिले होते. मिरची, वांगी, टोमॅटो आणि झेंडू यांचे बियाणे आणले. संकरित मिरचीचे बियाणे दहा ग्रॅमच्या पुडीत येते आणि एका पुडीत साधारण दीड हजार बी असते. भाच्याचा हिशेब सरळ होता. एका वाफ्यात एक पुडी टाकली तर इतकी रोपे, मग त्याच वाफ्यात तीन पुड्या टाकल्या तर तिप्पट रोपे. जागेचे भाडे तेच, पाणी तेच, माल तिप्पट. खरे सांगायचे तर हा हिशेब ऐकून आम्हीही मान डोलावली होती.

पंधरा दिवसांत वाफा हिरवागार दिसू लागला. येणारा-जाणारा तारीफ करीत असे. त्यानंतर मधेच रोपे जमिनीलगत मऊ पडून आडवी होऊ लागली. आज हातभर जागा, उद्या दोन हात. शेतकरी याला मर म्हणतात. जमिनीतल्या बुरशीमुळे हा रोग होतो. रोपे दाटीने उभी असली की खाली वारा फिरत नाही, माती ओली राहते, आणि बुरशीला एका रोपावरून दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही. जी रोपे वाचली ती उंच, पिवळट आणि दोऱ्यासारखी बारीक. गिऱ्हाईक शेतकऱ्याने दोन रोपे बोटावर धरून पाहिली आणि जुडी परत ठेवली.

उंच रोप म्हणजे जोमदार रोप, हा मोठा गैरसमज आहे. आम्ही कापडवाले हे लवकर समजू शकतो. ताग्याची लांबी भरपूर, पण वीण विरळ, असा माल कोण घेईल? झाडाचेही तसेच आहे. पाने सूर्यप्रकाशातला लाल प्रकाश शोषून घेतात, पण त्याच्या पलीकडचा गडद लाल प्रकाश परत फेकतात किंवा आरपार जाऊ देतात. झाडाच्या अंगात फायटोक्रोम नावाचे द्रव्य असते. आजूबाजूला गडद लाल प्रकाश वाढला की त्यावरून झाडाला शेजाऱ्याची चाहूल लागते. प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच ते आपली ताकद मुळे, फांद्या आणि पाने यांच्याकडून काढून खोड लांबवण्यात घालते. शेजारचे रोपही तेच करते. दोघेही उंच होतात आणि दोघेही कमजोर राहतात.

झाडांचे हे भांडण वर प्रकाशासाठी आणि खाली पाणी व खतासाठी चालते, पण दोन्हींचा न्याय वेगळा आहे. जमिनीत ज्याची मुळे जितकी पसरलेली, त्याला साधारण तितका वाटा मिळतो. प्रकाशाचे तसे नाही. जो थोडा वर गेला तो जवळजवळ सगळा प्रकाश घेतो, आणि खालच्याला उरलेसुरले मिळते. म्हणून दोन दिवस आधी उगवलेले बी पुढे दुप्पट-तिप्पट मोठे होते आणि मागाहून आलेले त्याच्या सावलीत बसते. एकाच पुडीतले, एकाच दिवशी पेरलेले बी असूनही दाट वाफ्यात थोडी रोपे मोठी आणि बाकीची खुरटी दिसतात, ती यामुळे. बियाणे खोटे निघाले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी आपला वाफा किती दाट आहे ते पाहावे.

त्या हंगामानंतर आम्ही परसात एक साधी तपासणी केली. मुळ्याचे एकसारखे दोन वाफे केले. दोन्हींत बी दाट टाकले. दोन-तीन पाने आल्यावर एका वाफ्यात विरळणी केली, म्हणजे चार-चार बोटांवर एक रोप ठेवून बाकीची उपटली. दुसऱ्याला हात लावला नाही. पाणी आणि खत दोघांना सारखे. मुळे काढायच्या दिवशी पाल्यासकट दोन्ही ढीग तराजूवर टाकले. वजनात फारसा फरक निघाला नाही. पण विरळ वाफ्यातले मुळे मनगटाएवढे होते आणि दाट वाफ्यात नुसता पाला. त्याखाली पेन्सिलीसारखी मुळे. बाजारात पहिला ढीग विकला गेला असता, दुसरा शेळीपुढे टाकावा लागला.

ही काही आमची नवी शोधाशोध नाही. जपानचे तात्सुओ किरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात सोयाबीन आणि इतर पिकांवर याचे प्रयोग केले. त्यांना असे दिसले की एका मर्यादेपुढे जागेत कितीही जास्त झाडे लावली तरी एकूण वजन जवळपास तेवढेच राहते. झाडांची संख्या वाढते तसे प्रत्येक झाड लहान होते. पुढे 1963 मध्ये क्योजी योदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गर्दी आणखी वाढत गेली तर झाडे मोठी होता होता लहान झाडे मरत जातात, आणि हा क्रम ठरावीक हिशेबाने चालतो. सुपीक जमिनीत तर हे मरणे लवकर सुरू होते, कारण तिथे झाडे लवकर वाढतात आणि लवकर एकमेकांना भिडतात. दाट वाफ्याला युरिया देऊन तो सावरत नाही, याचे कारण हेच. खत वाढवता येते, वाफ्यावर पडणारे ऊन वाढवता येत नाही.

व्यापाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी. वजन तेच राहिले तरी दर्जा तोच राहत नाही, आणि बाजार पैसा दर्जाचा देतो. उपटलेले रोप हे नुकसान नव्हे. ते न उपटल्याने उरलेल्या सगळ्यांचा दर्जा उतरतो, ते नुकसान.

मात्र गर्दी प्रत्येक वेळी वाईटच, असेही समजू नये. विकायचा माल कोणता, यावर ते ठरते. मेथी आणि कोथिंबीर दाटच पेरतात, कारण तिथे कोवळी काडी आणि पानच विकायचे असते, आणि झाड मोठे होण्याआधी जुडी बांधली जाते. आमच्या धंद्याच्या कापसाचे उदाहरण घ्या. 90 बाय 60 सेंटीमीटरवर कपाशी लावली तर हेक्टरी साधारण साडेअठरा हजार झाडे बसतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने हलक्या, कोरडवाहू जमिनीसाठी सघन लागवडीचे प्रयोग केले. त्यात 60 बाय 10 सेंटीमीटरवर हेक्टरी एक लाख सहासष्ट हजारांहून अधिक झाडे बसतात. पण त्यासाठी सूरजसारखे आटोपशीर बांध्याचे वाण लागते. पसरणारे वाण त्याच अंतरावर लावले तर नुसता पाला माजेल.

दुसरी गोष्ट, सर्वांत कडवी स्पर्धा एकाच जातीच्या झाडांत असते. त्यांची मुळे एकाच थरात, भूक एकाच वेळेची. म्हणून शेतकरी कपाशीत तुरीच्या ओळी घेतो. तुरीचे मूळ खोल जाते आणि कपाशी वेचत आली की तिचा खरा जोर सुरू होतो. परसातही टोमॅटोच्या दोन रोपांमध्ये तिसरा टोमॅटो लावण्यापेक्षा मेथीची ओळ टाकावी. टोमॅटो पसरेपर्यंत मेथी काढून होते. एका गल्लीत एकाच मालाची सहावी दुकान टाकणाऱ्या बंधूंनी यावर जरूर विचार करावा.

ज्यांना परसबाग किंवा छोटी रोपवाटिका करायची आहे त्यांच्यासाठी काही मोजमापे देतो. टोमॅटोच्या दोन रोपांत दीड ते दोन फूट, वांग्याला दोन ते अडीच फूट, मिरचीला दीड फूट, झेंडूला एक ते दीड फूट, आणि मुळ्याला तीन-चार इंच अंतर ठेवावे. बारा इंची कुंडीत टोमॅटोचे एकच रोप लावावे. रोपांसाठी गादी वाफा करावा, बी फोकू नये, चार बोटांच्या अंतराने ओळीत पेरावे. विरळणी दोन-चार पाने असतानाच करावी, कारण उशीर झाला की मुळे एकमेकांत गुंततात आणि एक उपटताना दुसरेही हलते. उपटण्याआधी वाफा ओला करावा. जिथे मुळे गुंतली असतील तिथे रोप उपटू नये, कात्रीने जमिनीलगत कापावे. तणही याच हिशेबात धरावे. ते फुकट खाणारे शेजारी आहे आणि पहिल्या महिन्यातच सर्वांत जास्त नुकसान करते.

हे सर्व सांगून दुसऱ्या हंगामात आम्ही भाच्याला विरळणी करायला बसवले. थोडा वेळ तो नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "मामू, पैसे देऊन आणलेलं बी, उगवलेलं रोप, ते हातानं उपटून टाकू?" आम्ही काही बोललो नाही. स्वतः खाली बसून पहिली ओळ आम्ही उपटली, दुसरी त्याने उपटली.

आता तो वाफा जवळजवळ करीतच नाही. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये नारळाच्या भुशात एका खणात एक बी टाकतो. एका ट्रेला अठ्ठ्याण्णव खण, म्हणजे जास्तीत जास्त अठ्ठ्याण्णव रोपे. रोपे पूर्वीपेक्षा कमी निघतात, पण गिऱ्हाईक ट्रे परत ठेवीत नाही. आमच्या हातउसन्यापैकी अर्धे पैसे परत आले आहेत. बाकीचे मागण्याची आम्हाला घाई नाही.