सायकल-शर्यतींचे शास्त्र आणि शासन – लेखांक सातवा : उतारावरची बैठक

वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडून काढण्यास लागणारी शक्ती तर घनाच्या प्रमाणात वाढते, हे गेल्या लेखांकात सविस्तर आले आहे. ताशी ४० किलोमीटरांवरून ५० वर जाऊ पाहणाऱ्या स्वारास केवळ हवेपायी जवळजवळ दुप्पट शक्ती खर्चावी लागते. आणि एवढी जादा शक्ती मनुष्याच्या पायांत नसल्यामुळे, तसेच स्वार व सायकल मिळून होणाऱ्या वायुप्रतिरोधाचा फार मोठा हिस्सा स्वाराच्या देहाचाच असल्यामुळे, तो ही तूट आपल्या देहाचा आकार बदलून भरून काढू लागतो. ह्या खटाटोपात सुरक्षिततेची किंमत कोण मोजतो, हा आजच्या लेखांकाचा विषय.

९ जुलै २०१६ रोजी तूर द फ्रान्सच्या आठव्या टप्प्यात, पिरेनीज पर्वतातील पेरसूर्द ही १,५६९ मीटर उंचीची खिंड गाठताच, बरोबरीचे स्वार जेथे चढणीनंतरचा श्वास सावरीत असतात नेमक्या त्याच ठिकाणी ख्रिस फ्रूमने अकस्मात मुसंडी मारली. सीट सोडून तो पुढच्या आडव्या नळीवर बसला, छाती हँडलवर टेकली, मान पुढच्या चाकावर काढली, आणि त्या अवघडलेल्या अवस्थेतही पायडले मारीत लुशोंपर्यंतची उतरण उतरून १३ सेकंदांनी टप्पा जिंकला. त्या संध्याकाळी पिवळी जर्सीही त्याच्या अंगावर चढली. ज्या नळीवर आपल्याकडे बाप धाकट्या पोराला बसवून शाळेत पोचवीत असे, तीवर तूर दोनदा जिंकलेला प्रौढ पुरुष बसलेला पाहून कित्येकांना हसू आले असेल. परंतु पुढील चारपाच वर्षांत ‘सुपर टक’ ह्या नावाने तीच बैठक शर्यतीशर्यतींतून दिसू लागली.

ह्या बैठकीतील धोका नीट समजून घेतला पाहिजे, कारण वरवर पाहता तीत गुणही आहेत. स्वार खाली बसल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरे. पण तोच गुरुत्वमध्य पुढेही सरकतो, मागचे चाक हलके होते, आणि अशा स्थितीत पुढचा ब्रेक जोराने दाबला तर मागचे चाक जमीन सोडू लागते. सीटवर बसलेला स्वार कंबर व मांड्या ह्यांच्या हालचालीने सायकल वळवीत असतो, खड्डा दिसताच पायडलांवर भार घेऊन बूड उचलतो आणि कोपरांच्या बाकाने हादरा जिरवतो. नळीवर बसलेल्याचे गुडघे पोटाशी आलेले, कोपरे आधीच मिटलेली, त्यामुळे हे तिन्ही उपाय त्याच्या हातून गेलेले असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात २२ मीटर कापते. धोका दिसला, मग नळीवरून सीटवर यावयाचे, मग ब्रेक दाबावयाचा, एवढ्या अवधीत उतारावरचे वळण येऊनही गेलेले असते.

आणि एवढे करून लाभ तरी किती? नेदरलंड्समधील आइंडहोवेन विद्यापीठाचे तत्कालीन प्राध्यापक बर्ट ब्लोकेन ह्यांनी सहकाऱ्यांसह संगणकीय गणित व वातबोगद्यातील मापने ह्यांच्या साहाय्याने उतारावरच्या निरनिराळ्या बैठकी ताडून पाहिल्या, तेव्हा असे आढळले की फ्रूमची बैठक सर्वांत वेगवान नव्हतीच. दुसऱ्या काही बैठकी तिच्याहून सुमारे ७ टक्क्यांपर्यंत अधिक वेगवान ठरल्या, आणि त्यांत दोन्ही चाकांवर भार अधिक समान पडत असल्यामुळे त्या अधिक सुरक्षितही होत्या. म्हणजे त्या दिवशी फ्रूमला मिळालेल्या १३ सेकंदांत बैठकीपेक्षा अनपेक्षित वेळी केलेल्या चढाईचाच वाटा मोठा असावा, असे मानावयास हरकत नाही. परंतु विजेत्याचे अनुकरण करताना वातबोगद्याचा दाखला कोण मागतो!

अखेर स्वित्झर्लंडमधील एगल येथे जिचे दप्तर आहे त्या यूसीआय ह्या आंतरराष्ट्रीय सायकल-संघटनेने १ एप्रिल २०२१ पासून ह्या बैठकीस मनाई केली. आणि तिच्याच जोडीने, दोन्ही अग्रबाहू हँडलच्या आडव्या भागावर टेकून पंजे पुढे मोकळे सोडण्याची जी पद्धत सपाट रस्त्यावर रूढ झाली होती, तीही बंद केली. कलम पाहता ह्यात नवे फारसे नाही. स्वाराचा आधार तीनच ठिकाणी असावा – पाय पायडलांवर, हात हँडलवर आणि बूड सीटवर – असा नियम पूर्वीपासून होता. आता त्याच्या अंमलाची तजवीज झाली, इतकेच. त्याच महिन्याच्या २५ तारखेस लिएज–बास्तोन–लिएज शर्यतीत इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ नळीवर बसलेला आढळला आणि त्यास बाद ठरविण्यात आले. (पुढे तीनच महिन्यांनी त्याने टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले, ह्यावरून त्या नळीविना त्याचे फारसे अडत नव्हते असे दिसते.)

स्वारांनी ह्या हुकुमाविरुद्ध गिल्ला केला, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. रस्त्यात उभे केलेले दुभाजक, अंतिम रेषेपाशी लावलेले तकलादू कठडे, घोळक्यात घुसणाऱ्या मोटारसायकली, ह्यांपायी हाडे मोडत असता संघटनेस आमची बैठकच तेवढी दिसली काय, असा त्यांचा सवाल होता. प्रस्तुत लेखकास तरीही ही मनाई योग्यच वाटते. व्यावसायिक स्वार वर्षानुवर्षांच्या सरावाने जे पेलू शकतो ते दूरचित्रवाणीवर पाहून सोळा वर्षांचा मुलगा रहदारीच्या घाटात करू लागतो. शिवाय शर्यतीतील स्वार एकटा पडत नाही, ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या घोळक्यात ज्याचे पंजे ब्रेकपासून वीतभर दूर लोंबत आहेत तो स्वतःबरोबर मागच्या दहाजणांना जमिनीवर घेतो, आणि त्या दहाजणांनी ही जोखीम पत्करलेली नसते.

मात्र ह्या न्यायाची दुसरी बाजू कोणी फारशी बोलून दाखवीत नाही. एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या शर्यतीत हँडलच्या पुढे काढलेल्या दोन दांड्या धरून, कोपरे टेकून व मान खाली घालून बसण्याची जी बैठक असते, तीतही हात ब्रेकपासून दूरच असतात. तरीही ती वैध आहे, कारण तेथे स्वार एकटा धावतो. १२ जून २०१९ रोजी ह्याच फ्रूमने, क्रितेरियम द्यू दोफिने शर्यतीच्या रोआन येथील टप्प्याचा मार्ग आधी पाहून ठेवताना, अशा सायकलवरून नाक शिंकरण्यासाठी एक हात सोडला. वाऱ्याचा झोत पुढच्या चाकात शिरला आणि तो भिंतीवर आदळून मांडी, कोपर व बरगड्या मोडून घेता झाला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये २०१९ चा तूर-विजेता एगान बर्नाल कोलंबियातील आपल्या नेहमीच्या सरावाच्या रस्त्यावर तशाच सायकलवर, मान खाली घालून जात असता थांबलेल्या बसच्या पाठीवर आदळला आणि त्याच्या शरीरातील सुमारे वीस हाडे मोडली. हे दोन्ही अपघात शर्यतीबाहेर, उघड्या रस्त्यावर आणि संपूर्णतः कायदेशीर बैठकीत झाले. पंचाची नजर जेथे पोचत नाही तेथे स्वाराची नजर तरी पुढच्या रस्त्यावर असावी, एवढीही सक्ती कोणत्याही कलमाने करता येत नाही. आणि म्हणून सरावाच्या वेळी मान वर ठेवणे ही ज्याच्या-त्याच्या शिस्तीची बाब होऊन बसते.

मनाईने कल्पकता थांबत नाही, हे मात्र लवकरच दिसून आले. नळीवर बसण्यात ज्याचा हातखंडा मानला जाई तो स्लोव्हेनियाचा मातेय मोहोरिच मार्च २०२२ मध्ये मिलान–सान रेमो शर्यतीस आला, तो डोंगरी सायकलींवर असते तशी खालीवर होणारी सीट लावून. पोज्जो टेकडीच्या उतारावर कळ दाबून त्याने सीट खाली घेतली आणि तोल एकदोनदा सुटता सुटता राहिला तरी सर्वांना मागे टाकून शर्यत जिंकली. आधार तिन्ही ठिकाणी कायम, गुरुत्वमध्य मात्र खाली आणि पुढे न सरकलेला. नियमाच्या चौकटीत राहून साधलेली ही सुधारणा मला तरी त्या नळीच्या बैठकीहून सर्वथा श्रेष्ठ वाटते.

सध्याचा तंटा हँडलच्या रुंदीवरून आहे. खांदे आत ओढून वारा चुकविण्यासाठी हँडल अरुंद होत चालल्यामुळे सायकलीचे नियंत्रण बिघडते, असे म्हणून यूसीआयने २०२६ च्या आरंभापासून सामुदायिक शर्यतींसाठी ४०० मिलिमीटर ही किमान रुंदी मुकरर केली. त्यावर, ज्यांचे खांदेच मुळात लहान अशा स्त्री-स्वारांनी केलेली तक्रार रास्त आहे, कारण अरुंद हँडल ही त्यांची युक्ती नसून गरज आहे आणि एकाच मापाचा कायदा त्यांना सुरक्षित करण्याऐवजी अवघडवून ठेवतो. कठड्यांचा प्रश्न, म्हणजे ऑगस्ट २०२० मध्ये पोलंडमधील काटोविचे येथे फाबियो याकोबसेन ज्यांवर आदळून मरता मरता वाचला त्या अंतिम रेषेजवळच्या कठड्यांची घडण आणि त्यांची सुधारणा, पुढील लेखांकी घेऊ.

(क्रमशः)