सुट्टीत झाडाला पाणी कोण घालणार?

दिवाळीची सुट्टी लागते, बॅग भरून होते आणि ऐनवेळी खिडकीतल्या मनीप्लांटकडे लक्ष जातं. रूम पार्टनरही गावी निघालेली असते. मग पाणी कोण घालणार? यावर हल्ली नर्सरीत आणि ऑनलाइन एक उत्तर मिळतं, ते म्हणजे ‘सेल्फ वॉटरिंग पॉट’. पण ही कुंडी घेतली की झाडाकडे बघायलाच नको, असं मात्र नाही हं!

समईतली वात तेल वर ओढते ना, तसंच इथे होतं. तळाशी पाण्याची टाकी, वर माती आणि दोन्हींना जोडणारी वात. माती कोरडी पडू लागली की पाणी वर चढतं. फायदे उघड आहेत. रोजची आठवण ठेवावी लागत नाही, जर्नलवर पाणी सांडत नाही आणि एकदम बादलीभर पाणी ओतून झाड बुडवण्याचा प्रकारही टळतो. मनीप्लांट, सिंगोनियम, पीस लिली, फर्न अशा ओलावा आवडणाऱ्या झाडांची इथे मजा असते.

अडचण येते ती स्नेक प्लांट, झीझी, जेड, कोरफड आणि कॅक्टसची. ही मंडळी पाणी साठवून ठेवतात. त्यांना दोन पाण्यांच्या मध्ये माती सुकलेली लागते. कायम ओल राहिली तर मुळं कुजतात. म्हणजे हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त दिसणाऱ्या झाडांनाच या कुंडीची गरज नसते! चिकट, घट्ट मातीही इथे चालत नाही. कोकोपीट मिसळलेली भुसभुशीत माती हवी. खताचे क्षार वर साचून पांढरा थर दिसू लागला, तर टाकी काढून वरून भरपूर पाणी घाला आणि ते निथळू द्या.

आणखी एक महत्त्वाचं. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. त्यामुळे टाकी झाकलेली हवी. रूमवर असताना आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासा.

विकतची कुंडी परवडत नसेल तर पाण्याची रिकामी बाटली मधोमध कापा. झाकणाला भोक पाडून त्यातून भिजवलेली जाड दोरी ओवा. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवा, त्यात माती आणि रोप, खाली पाणी. सुती दोरी काही महिन्यांत कुजते, ती बदलत राहा. बाटली पारदर्शक असेल तर शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून कागद गुंडाळा.

पहिल्यांदा वरूनही पाणी घाला, तरच वात नीट काम करते. आणि सुट्टीआधी ट्रायल घ्याच. पाण्याच्या पातळीवर मार्करने खूण करा आणि चार दिवसांत किती उतरलं ते बघा. त्यावरून टाकी किती दिवस पुरेल हे कळतं. हिशोब सुट्टीइतका भरत नसेल, तर गावातच राहणाऱ्या मैत्रिणीकडे कुंडी सोपवा आणि येताना तिच्यासाठी फराळ आणा!