सराव परीक्षेचे मार्क काय सांगतात?

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातलं अनुमान पाहिलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. आज तेच अनुमान घरात आणू या. नागपुरात एप्रिलचं ऊन तापतं, तेव्हा कितीतरी घरांत नीटच्या सराव परीक्षांवरून वातावरण तापलेलं असतं. एका रविवारी ५६०, पुढच्या रविवारी ५२०. लगेच निष्कर्ष निघतो, 'पोरगी ढेपाळली.' हा निष्कर्ष टिकतो का, ते तपासू.

आधी साधा हिशेब. नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क. उत्तर बरोबर आलं तर चार मिळतात, चुकलं तर एक जातो. समजा, ४० प्रश्नांत मुलीनं दोन पर्याय बाद केले, पण उरलेल्या दोनांत ती अडली. म्हणजे ४० वेळा नाणं उडवणंच आलं. त्यातले २० बरोबर आले तर ६० मार्क, २४ आले तर ८०, आणि १६ आले तर ४०. १६ ते २४ हा चढउतार नाण्याच्या खेळात अगदी नेहमीचा, बरं का! म्हणजे तयारी रतीभर न बदलता ४० मार्कांचा फरक पडू शकतो. पेपर अवघड निघाला, रात्री झोप झाली नाही, हे तर आपण धरलंच नाही.

न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. जे सिद्ध करायचं ते असतानाही तो दिसतो आणि नसतानाही. तयारी ढिली पडली तर मार्क घटतात, आणि न पडता सुद्धा घटतात. मग एका घसरलेल्या आकड्यावरून तयारीचं अनुमान कसं करणार?

आता पालकांकडे वळू. मार्क घसरले, वडील रागावले, पुढच्या पेपरला मार्क वाढले. वडिलांना वाटतं, रागावल्याचा उपयोग झाला. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीबद्दल जे दाखवलं, ते इथेही लागू पडतं. टोकाच्या आकड्यानंतरचा आकडा बहुधा सरासरीकडे सरकतो. कावळा बसायला अन् फांदी तुटायला गाठ पडते, दुसरं काही नाही. याच न्यायानं उत्तम मार्कांवर शाबासकी दिली आणि पुढचा पेपर घसरला, तर शाबासकीच वाईट ठरते!

मग करायचं काय? दोन पेपरांची तुलना सोडा, पाच-सहा पेपरांची सरासरी बघा. सगळ्यात मोठा आकडा हीच आपली खरी पातळी, असं धरू नका. आणि चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग करा. येतच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, अंदाज फसला. पहिल्यावर अभ्यास, दुसऱ्यावर सवय. तिसऱ्यावर रडून उपयोग नाही.

पण नशिबाची ढालही करू नका. सहा पेपरांत सरासरी हलली नाही आणि पहिल्या ढिगात तोच धडा पुन्हा पुन्हा आला, तर तो धूर खरा आहे. तिथे आग शोधायलाच हवी.

एक मात्र लक्षात असू द्या. त्या तीन तासांत त्या १८० प्रश्नांचं काय झालं, एवढंच मार्क सांगतात. आपलं मूल कसं आहे, हा प्रश्न त्या पेपरात विचारलेलाच नसतो.

पुढच्या वेळी हेत्वाभासाचे उरलेले प्रकार घेऊ.