रिकामा चॅनेल कुणाला द्यायचा? कॉग्निटिव्ह रेडिओ सोप्या भाषेत

रेंजच्या काड्या फुल्ल, पण फोटो काही जाईना, असं तुमचंही होत असेल. आमच्या पाटसहून तुकोबांची पालखी रोटी घाटाकडे निघते, तेव्हा तर हे हमखास होतं. सिग्नल असतो, पण मोजक्या चॅनेलवर एकदम हजारो फोन तुटून पडतात. त्याच वेळी हवेतले दुसरे चॅनेल रिकामे असू शकतात. मग ते का वापरू नयेत?

कॉग्निटिव्ह रेडिओ म्हणजे काय?

रेल्वेत रिझर्व्हेशनची सीट रिकामी दिसली की आपण टेकतो आणि मालक आला की उठतो. हा रेडिओ तेच करतो, फक्त नियमानुसार परवानगी घेऊन. 1999 मध्ये जोसेफ मिटोला आणि जेराल्ड मॅग्वायर यांनी ही कल्पना मांडली. चॅनेल मोकळा आहे का, हे रेडिओ स्वतः ऐकून ठरवतो किंवा डेटाबेसला विचारतो. मध्ये डोंगर असला तर नुसतं ऐकून फसगत होते, म्हणून डेटाबेस लागतो.

खरी डोकेदुखी: वाटप

समजा, तीन गावांत असे टॉवर आहेत. पाटसला 2 आणि 5 नंबरचे चॅनेल मोकळे, वरवंडला फक्त 5, कुरकुंभला 2 आणि 7. शेजारच्या दोन टॉवरनी एकच चॅनेल घेतला, तर दोघांचंही नेट बोंबलणार. पाटसने घाईघाईत 5 घेतला, की वरवंडच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून ज्याच्याकडे पर्याय कमी, त्याला आधी द्यायचं: वरवंडला 5, मग पाटसला 2 आणि कुरकुंभला 7. नकाशात शेजारच्या जिल्ह्यांना वेगवेगळे रंग देतो ना, तसंच हे गणित. फरक एवढाच, की इथे मूळ मालक परत आला की रंग पुन्हा भरावे लागतात. त्यामुळे जमेल तिथे एक चॅनेल राखीव ठेवतात.

आपल्याकडे झालंय का?

हो! आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2014 च्या अभ्यासात दाखवलं, की 470 ते 590 मेगाहर्ट्झमधल्या टीव्हीच्या 15 चॅनेलपैकी किमान 12 देशात जवळपास सगळीकडे मोकळे होते. पालघर भागातल्या खामलोली आणि आसपासच्या गावांत त्यांनी याच लहरींवरून इंटरनेट पोचवून पाहिलं. या लहरी झाडाझुडपांतूनही लांब जातात. गावात पोचलेलं नेट पुढे वाय-फायने फोनवर येतं, त्यामुळे नवा फोन घ्यावा लागत नाही.

तुम्ही काय करू शकता?

वाटपाचा हा खेळ घरीही चालतो. वाय-फाय अ‍ॅनालायझरसारखं अ‍ॅप टाका आणि शेजाऱ्यांचे राउटर कुठल्या चॅनेलवर आहेत ते बघा. 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 आणि 11 हे तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. त्यातला कमी गर्दीचा निवडा. रिचार्ज न वाढवताही स्पीड सुधारू शकतो.