उंची सोडा, रुंदी जागेवर सोपवा

गेल्या आठवड्यात बॉक्स मॉडेल झालं. आता त्यावर उभं राहणारं कार्ड. पुस्तकांच्या दुकानाचं पान घेऊ: वर मुखपृष्ठ, खाली नाव, लेखक, किंमत. एका कार्डावर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, शेजारी भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’. पहिलं नाव अर्ध्या ओळीत संपतं, दुसऱ्याला फोनवर दोन ओळीही लागू शकतात. अशा कार्डाची उंची 300 पिक्सेल ठरवून टाकली, की किंमत चौकटीबाहेर सांडते. म्हणून उंची लिहूच नये.

एचटीएमएल अगदी थोडं आहे. ‘आर्टिकल’मध्ये चित्र, शीर्षक आणि दोन परिच्छेद. चित्राचा ‘ऑल्ट’ मजकूर मात्र टाळू नये. दृष्टिहीन वाचकापर्यंत मुखपृष्ठ त्यातूनच पोहोचतं. पानाच्या ‘हेड’मध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅगही हवाच. तो नसेल तर फोनचा ब्राउझर पान साधारण 980 पिक्सेल रुंद आहे असं धरतो आणि सगळं आकसून दाखवतो.

खरी गंमत सीएसएसमध्ये आहे. कार्डांच्या पालक घटकाला ग्रिड करायचं आणि स्तंभांसाठी ‘रिपीट’मध्ये ‘ऑटो-फिट’ आणि ‘मिनमॅक्स’ द्यायचं: किमान 16 रेम, कमाल 1 एफआर, म्हणजे उरलेल्या जागेचा एक वाटा. नेहमीच्या मापाने 16 रेम म्हणजे 256 पिक्सेल. मध्ये 16 पिक्सेलची फट धरली, तर 360 पिक्सेलच्या फोनवर एक स्तंभ, 768 च्या टॅब्लेटवर दोन आणि 1280 च्या पडद्यावर चार. एकही मीडिया क्वेरी न लिहिता!

एका रांगेतली कार्डं ग्रिड आपोआप सारख्या उंचीची करतं. कार्डाच्या आत उभा फ्लेक्स ठेवून किमतीला ‘मार्जिन-टॉप: ऑटो’ दिलं, की सगळ्या किमती तळाशी एका रेषेत येतात.

ईथन मार्कोट यांनी मे 2010 मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा लेख लिहिला, तेव्हा हाताशी लवचिक ग्रिड, लवचिक चित्रं आणि मीडिया क्वेरी होत्या. मीडिया क्वेरी पडद्याची रुंदी मोजते. पण तेच कार्ड मोठ्या पडद्यावरच्या अरुंद बाजूपट्टीत टाकलं, तर पडद्याची रुंदी कळून उपयोग काय? हे कोडं सुटायला बरीच वर्षं गेली. पडद्याऐवजी भोवतीच्या घटकाची रुंदी मोजणारी कंटेनर क्वेरी 2022 मध्ये क्रोम आणि सफारीत, तर फेब्रुवारी 2023 मध्ये फायरफॉक्समध्ये आली. कार्डाभोवतीच्या वेष्टनाला ‘कंटेनर-टाइप: इनलाइन-साइझ’ द्यायचं, ते 30 रेमहून रुंद झालं, की चित्र डावीकडे आणि मजकूर उजवीकडे. वेष्टन वेगळं हवं, कारण घटकाला स्वतःचीच रुंदी विचारून स्वतःला बदलता येत नाही.

मराठी कार्डासाठी दोन गोष्टी आणखी. वेलांट्या, मात्रा आणि उकारांना वर-खाली जागा लागते, म्हणून ‘लाइन-हाइट’ 1.6 च्या आसपास ठेवावी. आणि इंग्रजी शीर्षकांवर शोभणारं ‘लेटर-स्पेसिंग’ काढून टाकावं. त्याने शिरोरेषा तुटते.